नेजिकोचं सैल कोपर

ओसाका, ९ नोव्हेंबर

प्रिय फुमिए,

अनेक आशीर्वाद. पत्राची पहिली ओळ ऋतूची असावी, असं आई शिकवून गेली, म्हणून लिहितो. गिंकोची पानं पिवळी झाली आहेत आणि खाली पडलेल्या फळांचा असा वास सुटलाय की नाट्यगृहाच्या दारात येणारा प्रत्येक जण आधी स्वतःच्या बुटाचा तळ बघतो. झाला ऋतू.

तुझ्या बागेतल्या संत्र्यांची पेटी पोचली. गोड आहेत. तुझ्या हातची असून गोड आहेत याचं आश्चर्य वाटलं.

आता बातमी. तुझी जागा भरली.

बस खाली. सात वर्षं झाली तू मला टाकून नवऱ्याच्या बेटावर संत्री तोडायला गेलीस त्याला. सात वर्षं मी एकटा उभा राहून बोलतोय. आपला धंदा दोघांचा. मी खुळ्यासारखं काहीतरी बरळायचं, तू माझ्या डोक्यात कागदी पंख्याचा फटका मारून मला भानावर आणायचं. शेजारी फटका मारणारं कोणी असलं तर तो विनोद, नाहीतर म्हातारा नुसताच खुळा दिसतो. चिदोरी-झा नाट्यगृहाचे मालक गेल्या महिन्यात म्हणाले, "शिगेझो, जोडीदार शोध. नाहीतर नवीन वर्षापासून दारावर तिकिटं फाड." मी म्हणालो, तिकिटं फाडायलाही दोन हात लागतात. त्यांना हसू आलं नाही. बघ, शेजारी तू नव्हतीस.

तर माझी नवी जोडीदार यंत्र आहे. नाव नेजिको. नेजि म्हणजे स्क्रू, आणि ही जन्मली पूर्व ओसाकातल्या एका स्क्रूच्या कारखान्यात. कारखान्याच्या मालकाची मुलगी कुसाका, वय तिशीच्या आतबाहेर, हिला असली यंत्रं करायचा नाद. याआधी तिनं उकडलेली अंडी सोलून प्रत्येक अंड्याची वाकून माफी मागणारं यंत्र केलं होतं. त्याला बक्षीस मिळालं. अंडं एकही धड सुटलं नाही.

नेजिको माझ्या छातीला लागते. रंग पिवळा. डोकं भाताच्या कुकरसारखं दिसतं, कारण ते भाताच्या कुकरचंच आहे. उजव्या हातात कागदी पंखा. नाट्यगृहाच्या कपाटात आपल्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती पडून होत्या, त्या कुसाकानं तिला सगळ्या दाखवल्या. त्या पाहून पाहून ती तुझ्यासारखं दटावायला शिकली. आवाज मात्र तुझा नाही, घाबरू नकोस. तुझ्यापेक्षा गोड आहे.

तुझा,
शिगेझो दादा


नाकाजिमा बेट, १८ नोव्हेंबर

दादा,

समुद्रावरचा वारा गार झाला आणि लवकर पिकणाऱ्या संत्र्यांची तोडणी संपत आली. झाला माझाही ऋतू.

तुझं पत्र वाचून आमचे हे इतके हसले की गुडघे दुखतात हेच विसरले. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं तुझ्या टाळक्यात फटके मारून माझा खांदा गेला, आणि ते एक कुकर महिनाभरात शिकला? आणि "टाकून गेलीस" म्हणे! ह्यांचे वडील अंथरुणाला खिळले, बाग बघायला कोणी नव्हतं, म्हणून आले. दर पत्रात ऋतू झाला की लगेच तो टोमणा येतो. ऋतू तरी बदलतो रे.

फोन करून चांगली खरडपट्टी काढणार होते. पण आपण दोघं फोनवर आलो की त्याचा खेळच होतो. तू बरळतोस, मी दटावते, तासभर जातो आणि कोणाची तब्येत कशी आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस.

आता ऐक, त्या कुसाकाला सांग. फटका मागून, कानाच्या जरा वर. कपाळावर कधी नाही. आणि घाई नाही. तू काहीतरी खुळं बोललास की श्वास आत ओढून थांबतोस, तुलाही माहीत नसेल. तेवढा वेळ लोकांना द्यायचा, तू काय मूर्खपणा केलास ते त्यांच्या डोक्यात शिरू द्यायचं, आणि मग हाणायचं. उशीर केला तर लोकांना तुझी दया येते. दया आली की हसू गेलं.

हे मी त्या यंत्रावर उपकार म्हणून लिहीत नाही. तुझं डोकं माझ्या हातातून गेलं तरी निदान नीट जागी बडवलं जावं म्हणून लिहिते.

फुमिए


ओसाका, १४ डिसेंबर

प्रिय फुमिए,

थंडी पडली. नाट्यगृहासमोरचा उदोन-शेवयांचा दुकानदार आता वाफेआड दिसेनासा होतो, नुसता हात दिसतो.

नेजिको गाजली! पहिल्याच दिवशी सार्वजनिक न्हाणीघराचा खेळ केला, आपला जुना. मी म्हणालो, "काल न्हाणीघरातून दुसऱ्याचे जोडे घालून घरी आलो." ती म्हणाली, "मग परत देऊन या!" मी म्हणालो, "गेलो होतो. पण काढायला गेलो तर आतले पायही दुसऱ्याचेच!" आणि फाट्कन कानाच्या वर. अगदी तुझा हात. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले आणि मला उगीच डावीकडे वळून बघावंसं वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ जोरात शिंकले. नेजिको गर्रकन वळली आणि म्हणाली, "एवढं मोठं बोलायचं तर वर या!" नाट्यगृह कोसळायचं बाकी राहिलं. कुसाकानं असलं काही शिकवलेलं नव्हतं. ती पडद्यामागे डोक्याला हात लावून उभी होती. आता लोक मुद्दाम शिंकायला येतात. मालकांनी दारावर पाटी लावलीय की एका तिकिटावर एकच शिंक.

खेळानंतर आम्ही तिघं उदोन खायला गेलो. दुकानाचं दार आपोआप सरकून उघडलं, तर नेजिकोबाई त्याला म्हणाल्या, "आधी कोण आहे ते विचार तरी!" दुकानदारानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, तिच्याकडे बघून घेतले नाहीत. चाळीस वर्षं मी तिथं खातोय.

एकदा मात्र बिनसलं. गेल्या रविवारी मी बोललो आणि तिनं फटका मारलाच नाही. पंखा वर धरून नुसती उभी. कुसाका म्हणाली, बघते. यंत्र आहे, चालायचंच.

बाकी ठीक. या वर्षी संत्र्यांची पेटी पाठवायची राहिली वाटतं? मालक विचारत होते, म्हणून लिहिलं.

तुझा,
शिगेझो दादा


नाकाजिमा बेट, २६ डिसेंबर

दादा,

नव्या वर्षाचे मोची, ते भाताचे चिकट गोळे, कुटून झाले. तुझ्या वाटचे सोबत पाठवलेत. लहान तुकडे करून खा, दरवर्षी एखादा म्हातारा घशात अडकून जातो, तो तू होऊ नकोस.

आणि काय रे चोरा? एक पेटी फस्त करून "राहिली वाटतं?" लाज वाटते का थोडी? लहानपणी आईकडून एक गोड बटाटा घेऊन, तोंड पुसून, पुन्हा रांगेत उभा राहायचास, तोच तू. आमचे हे म्हणाले, "पाठव गं, एवढा नाटकी माणूस, त्याला नाही म्हणवत नाही." दुसरी पेटी पाठवली आहे. तिसरी मागितलीस तर बोटीतून येऊन बुकलीन.

खरं सांगू? तुझी शिंकेची गोष्ट मी तोडणीला आलेल्या बायकांना सांगितली. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि मग घरी येऊन भांडी जरा आपटलीच. मला हेवा वाटतो दादा. यंत्राचा हेवा करणारी या बेटावर मी एकटीच असेन. ती तुझ्या डावीकडे उभी राहते की उजवीकडे? मी डावीकडे असायचे. एवढं कळव.

फुमिए


ओसाका, ११ फेब्रुवारी

प्रिय फुमिए,

उकाड्यानं अंगाची लाही लाही होतेय. पंखा अंगावर घेऊन कलिंगडाची फोड खात हे लिहितोय.

मोठी बातमी. वीस मार्चला वसंताचा खास कार्यक्रम आहे, मोठ्या सभागृहात, आणि दूरचित्रवाणीवाले येणार आहेत. शेवटचा, मानाचा खेळ आमचा. शेवटचा खेळ, फुमिए! आपण दोघांनी चाळीस वर्षं रगडलं, पण आपल्या वाट्याला कधी आला नाही. हा नीट झाला की मालक म्हणतात वर्षभर काळजी नाही. बिनसला तर तिकिटं फाडायची जागा अजून रिकामीच आहे.

काळजी एकच, नेजिको. तिचं कोपर बिघडलंय. फटका मारायच्या जागी ती पंखा खाली घेते, दुसरा हात पुढे करते आणि माझी बाही धरते. अशी दोन बोटांनी, कोपराच्या खाली. आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी विचारते. आधी कधीतरी व्हायचं, आता जवळजवळ प्रत्येक खेळात होतं. कुसाकानं तिला तीनदा उघडून पाहिलं, दोष सापडत नाही. म्हणते, कोपराचा सांधा सैल असेल, कार्यक्रमाआधी घट्ट आवळून टाकते, म्हणजे हात पुढे येणारच नाही.

मला मात्र गंमत वाटते. तुलाही ती सवय होती, आठवतं? मध्येच घाबरलीस की माझी बाही धरायचीस. मी म्हणायचो, "घाबरू नकोस गं, मी आहे ना," आणि लोक हसायचे. यंत्राला तुझी भीतीसुद्धा लागली बघ. फटक्याबरोबर फुकट आली.

तू कार्यक्रमाला येऊ नकोस. तू समोर बसलीस तर मी तुझ्याकडे बघून बोलेन आणि नेजिको रुसेल.

ही कुसाका मोठी वल्ली आहे. तुला सांगितलं का? तिनं उकडलेली अंडी सोलून त्यांची माफी मागणारं यंत्र केलं होतं.

तुझा,
शिगेझो दादा


नाकाजिमा बेट, १७ फेब्रुवारी

दादा,

इकडे उमेच्या झाडांना थंडीतली पहिली फुलं आली. फेब्रुवारी आहे. कलिंगड कुठल्या बाजारात मिळालं तेही कळव, म्हणजे आम्हीही संत्री सोडून तेच लावू.

शेवटचा खेळ मिळाला, ऐकून छाती भरून आली. आईच्या फोटोपुढे तुझं पत्र ठेवलं.

गळ्याला मफलर गुंडाळ. जेवण वेळेवर घे. बाकी काही नाही. तोडणीची घाई आहे, म्हणून थोडक्यात.

फुमिए


नाकाजिमा बेट, १७ फेब्रुवारी

कुसाका-सान यांस,

आपली ओळख नाही, तरी थंडीत तुमची तब्येत बरी असावी अशी आशा करते. मी शिगेझोची धाकटी बहीण. तुमच्या नेजिकोनं जिच्या फिती पाहिल्या, ती मी.

कृपा करून तिचं कोपर आवळू नका. ते बिघडलेलं नाही.

आमच्या धंद्यात खुळ्याची भूमिका करणाऱ्याची एक पंचाईत असते. तो चुकीचं बोलतो त्याचेच त्याला पैसे मिळतात. त्यामुळे तो खरंच चुकला तर कोणाच्या लक्षात येत नाही. लोक हसतात. घरचेही हसतात. पण मला कळायचं, कारण मी त्याच्या एवढी जवळ उभी असायचे. मुद्दाम चुकला की तो श्वास आत ओढून थांबायचा, फटक्याची वाट बघत. खरंच विसरला की श्वास ओढायचा नाही, नुसताच थांबायचा. नजर समोरच्या दिव्यात जायची. अशा वेळी मी फटका मारत नसे. मी त्याची बाही धरायचे, कोपराच्या खाली, दोन बोटांनी, आणि पुढचं वाक्य प्रश्न करून हळूच विचारायचे. "तर तुम्ही न्हाणीघरात गेलात म्हणता?" मग त्याची गाडी रुळावर यायची. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी. त्याला वाटायचं मी घाबरले. मी तसंच वाटू दिलं.

हे मी कोणाला कधी सांगितलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. तुमच्या कुकरला ते फिती बघून कळलं. आणि ती जवळजवळ प्रत्येक खेळात बाही धरते, असं दादा लिहितो.

मी त्याची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. नोव्हेंबरात पेटी पोचली म्हणून लिहिलंय, डिसेंबरात पाठवलीच नाही म्हणून. मी त्याला चोर म्हटलं. आता फेब्रुवारीत उकाडा. ते वाचून आधी मी मोठ्यांदा हसले, हे तुम्हांला सांगितलं पाहिजे. मग बाहीची ओळ आली.

तुम्ही रोज त्याच्याजवळ असता. खरं काय ते मला लिहा. मात्र त्याच्या हातचा खेळ काढून घेऊ नका. एवढी एकच गोष्ट मागते.

आपली,
फुमिए


पूर्व ओसाका, २३ फेब्रुवारी

फुमिए-सान यांस,

वसंताची चाहूल लागली आहे, पण कारखान्याचा पत्रा अजून सकाळी बर्फासारखा गार असतो. पत्र मिळालं. उत्तर लिहायला मला तीन वेळा कागद बदलावा लागला. मला यंत्रांशी बोलायची सवय आहे.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तुमचं पत्र हातात घेऊन मी या हिवाळ्यातल्या सगळ्या खेळांच्या फिती पुन्हा पाहिल्या. जिथं नेजिकोनं बाही धरली तिथं प्रत्येक वेळी शिगेझो गुरुजी श्वास न ओढता थांबले आहेत. मी मात्र तिलाच खोलत बसले. दुखणं यंत्रात आहे, असंच मला धरून चालायची सवय. माणसाकडे मी पाहिलंच नाही, आणि पाहिलं तेव्हा हसले. सगळ्यांबरोबर.

इतर गोष्टीही आहेत. नाट्यगृहाकडून स्टेशनकडे जायचा रस्ता त्यांनी मला दोनदा विचारला. मी म्हणाले, "गुरुजी, पुरे आता." त्यांनी पंख्यानं माझ्याच डोक्यात हळूच मारलं आणि म्हणाले, "बरोब्बर." मी तो विनोद समजले.

कोपर आवळणार नाही. पण मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही, म्हणून काल त्यांना एवढंच सांगितलं, "गुरुजी, बेटावरून पत्र आलंय, कोपर आहे तसंच राहू द्या म्हणून." ते बराच वेळ नेजिकोचं कोपर हलवत बसले. मग म्हणाले, "तिनं सांगितलंय तर राहू दे. तिला खांद्या-कोपरातलं कळतं."

तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. नेजिको शेजारी असली की ते कमी घाबरतात. आणि ती उजवीकडे उभी राहते. मी पहिल्या दिवशी तिला डावीकडे ठेवत होते. गुरुजी म्हणाले, "तिकडे नको. ती जागा कोणाची तरी आहे."

आपली नम्र,
कुसाका


ओसाका, २२ मार्च

प्रिय फुमिए,

चेरीच्या कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत, अजून उमलल्या नाहीत. हे कॅलेंडर बघून, खिडकीतून डोकावून आणि खालच्या दुकानवाल्या बाईंना विचारून लिहितोय. तिघांचं एकमत आहे.

कार्यक्रम झाला. तू दूरचित्रवाणीवर बघितलाच असशील, पण तिथं जवळचं दिसत नाही.

न्हाणीघराचा खेळ. जोड्यांपर्यंत सगळं सुरळीत. लोक खूश, दोन जण शिंकले, नेजिकोनं दोघांना झोडपलं. मग मी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि पुढे काही नव्हतं. दिवे होते. समोर माणसं होती, ती कशाला आली आहेत ते कळेना. मी कशाला उभा आहे तेही कळेना. फुमिए, मी आजवर पुष्कळदा वाक्य विसरलोय, पण असं कधी झालं नव्हतं. फार भीती वाटली.

तेवढ्यात उजव्या बाहीला काहीतरी लागलं. बघितलं, पिवळी दोन बोटं.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घाबरू नकोस गं, मी आहे ना."

लोक हसले. खूप हसले. मोठ्या सभागृहाचं हसू अंगावर येतं, पावसाच्या सरीसारखं. नेजिको म्हणाली, "तर तुम्ही दुसऱ्याचे पाय घेऊन घरी गेलात म्हणता?" आणि मला खेळातलं पुढचं सगळं दिसलं, घर, उंबरा, बायकोचं तोंड. तिथून शेवटपर्यंत एकही शब्द सुटला नाही. शेवटी पडदा पडताना मी तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "उशीर झाला, आधी करायचा होता." हेही कोणी शिकवलेलं नव्हतं.

आता दुसरं. चाळीस वर्षं मी म्हणत आलो की तू घाबरून बाही धरायचीस. मला पहिल्यापासून माहीत होतं कोण घाबरायचं ते. त्या सगळ्या लोकांपुढे मला माझी भीती तुझ्या नावावर ढकलायची सोय होती, आणि तूही ती घेत राहिलीस, म्हणून कधी बोललो नाही. मला वाटायचं, मला कळतं हे तुला कळलं तर तू धरायची सोडशील. फेब्रुवारीत मी तुला ते कोपराचं लिहिलं, तेव्हा बिघाड म्हणूनच लिहिलं. पण लिहून झाल्यावर पाकीट बंद करायला हात वळेना. कोणीतरी ओळखावं असं वाटत होतं आणि कोणी ओळखू नये असंही. तू ओळखलंस. त्या पत्रात मला शिव्या कमी होत्या, तेव्हाच कळलं.

काल डॉक्टरकडे गेलो, कुसाका सोबत होती. डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, तीन शब्द लक्षात ठेवा: चेरी, मांजर, रेल्वे. थोड्या वेळानं विचारले. मी म्हणालो, "मांजर रेल्वेत बसून चेरी बघायला गेली, आता इथं कशी सापडेल?" तो हसला, तिन्ही बरोबर म्हणाला. मग आणखी काही चित्रं दाखवून झाकली, ती नाही आठवली. त्यावर विनोदही सुचला नाही. औषध दिलंय. विसरणं हळूहळू वाढत जाणार म्हणाला. किती हळू ते त्यालाही माहीत नाही.

मालकांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "मे महिन्यातला खेळ लावतो. विसरलास तर आम्ही हसूच." पण नेजिकोकडे फितींमधलंच सगळं आहे. फितीबाहेर मी हरवलो तर ती बाही धरेल, पण कुठं न्यायचं ते तिला कुठून कळणार?

ऋतूची ओळ चुकली तर मला सांगत जा. ओरडून सांग. पुन्हा त्या मफलरसारखं मऊ पत्र पाठवू नकोस. दया आली की हसू गेलं, असं तूच लिहिलंस. ते पत्र मी आरशाला चिकटवलंय.

तुझा,
शिगेझो दादा


नाकाजिमा बेट, २८ मार्च

दादा,

चेरी उमलली आहे. कालच. तुझी माहिती शिळी झाली.

कार्यक्रम पाहिला. आमच्या ह्यांनी शेजारच्या चार घरांना बोलावलं होतं. तू थांबलास तेव्हा ती सगळी माणसं हसत होती आणि मी इथं, पडद्यासमोर, हात पुढे केला होता. ह्यांनी तो पाहिला. सगळे गेल्यावर म्हणाले, "संत्री झाडावर थांबतात. भाऊ थांबत नाही. तू जा."

मी रडले. आता झालं ते. पुन्हा लिहिणार नाही.

तू मला इतकी वर्षं फसवलंस आणि मी तुला. आईनं दोन चोर वाढवले. माहीत होतं म्हणे पहिल्यापासून! मग एवढी वर्षं मी घाबरट म्हणून मिरवत होते ते कशाला, मेल्या? मंडईतला मासेवालासुद्धा मला म्हणायचा, "ताई, घाबरू नका, दादा आहेत ना." त्याचा सगळा हिशेब तुझ्या डोक्यावर चुकता करणार आहे, कानाच्या जरा वर.

येत्या सोमवारच्या बोटीनं निघते. तोडणी संपली आहे, पुढच्या हंगामापर्यंत बाग हे आणि शेजारचे मिळून बघतील. माझा खांदा आता फटक्याच्या कामाचा नाही, म्हणून पंखा नेजिकोकडेच राहू दे. तिची उजवीकडची जागाही तिचीच. तिला नमस्कार सांग, आणि तिला कळणार नाही ते फितीबाहेरचं मी बघेन, असंही सांग.

डावीकडे मी. लांब बाह्यांचा अंगरखा घाल. मे महिना म्हणून अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून उभा राहिलास, तर मी धरू काय?

फुमिए